मुलांच्या हाती पळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला येथे उभे केले आहे ते एका पाकक्रियेसाठी, हे आधीच सांगून टाकते. चिटणीसबाई मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही नाचणीची घावने छान करता, त्यांवर पाच-दहा मिनिटे बोला." मी हो म्हटले. परंतु घरी जाऊन विचार करू लागले तेव्हा वाटले की, घावने कशी करावीत हे येथे जमलेल्यांपैकी कोणाला ठाऊक नाही? ती आपल्याला येतात, पण आपल्या घरातली मुले ती खात नाहीत, हे खरे दुखणे आहे. म्हणून घावनांचे शेवटी पाहू. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. बोलण्यात इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्यावे.

२०२३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. एके दिवशी सकाळी रिक्षाची वाट पाहत उभी असताना तिला भोवळ आली आणि ती तिथेच मटकन खाली बसली. मैत्रिणींनी तिला घरी आणून सोडले. मी घाबरून दवाखान्यात नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयाच्या मुलीला निदान बारा तरी पाहिजे. मग त्यांनी मला एक अगदी साधा प्रश्न विचारला, "ही सकाळी काय खाऊन घराबाहेर पडते?"

भगिनींनो, दिवसाचे सात-आठ तास स्वयंपाकघरात काढणारी मी बाई. पण मला उत्तर देता येईना. मी म्हटले, "चहा." पुढचे काही आठवेना. "डबा देता का?" मी म्हटले, "रोज देते." "ती खाते का?" मी मुलीकडे पाहिले. ती आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत होती.

घरी आल्यावर मी तिला बोलले नाही, पण तिच्या पुस्तकांचे कपाट आवरायला घेतले. मागे कोंबलेली रिकामी पाकिटे निघाली. मसाल्याची, चिजाची, तिखट, आंबट, हरतऱ्हेची. जुन्या कंपासपेटीत आठ-दहा निळ्या गोळ्या निघाल्या. शाळेत मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात ना, त्याच त्या. बाईंसमोर तोंडात टाकायची आणि बाई पुढे गेल्या की काढून पेटीत. डब्याचे विचारले तेव्हा कळले की, माझी चपाती-भाजी बरेच दिवस कॉलेजच्या फाटकाशी येणाऱ्या एका गाईच्या पोटात जात होती. गाय तेवढी धष्टपुष्ट झाली असेल!

आपल्याच घरात हे होते असे मला वाटत होते. पुढे समजले की सरकारने २०१९ ते २१ या काळात देशभर घरोघरी जाऊन जी कुटुंब आरोग्य पाहणी केली, तिच्यात १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींचे रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या शंभर मुलग्यांत ३१. म्हणजे येथे मागे दहा मुली बसल्या असतील तर त्यांतल्या सहा जणींचा प्रश्न आहे. मुलींनो, एकमेकींकडे पाहून हसू नका. मी आकडा सांगते आहे.

आता या पाकिटांना पैसे कोठून आले? मीच दिले. सकाळी घाई असते, आमच्या ह्यांची कारखान्यातली पाळी सातची, सासूबाईंची औषधे, पाण्याची वेळ. त्यात मूल म्हणते, "आई, भूक लागली." आपण पदराची गाठ सोडून दहाची नोट काढतो आणि म्हणतो, "जा, काहीतरी घेऊन खा." मी एकदा बसून हिशेब केला. दोन मुलांचे दिवसाला वीस-वीस असे चाळीस धरले, तर महिन्याचे बाराशे रुपये झाले. अर्ध्या घराची डाळ, मूग आणि अंडी त्यात आली असती. कांड्या भरून बाराशे रुपये मिळवायला किती दिवस बोटे झिजवावी लागतात, ते माझ्यासारख्या बाईला कोणी सांगायला नको. एका हाताने मिळविले आणि दुसऱ्या हाताने मुलीचे रक्त कमी करायला दिले, असा तो हिशेब होता.

थोरल्याची तऱ्हा निराळी. तो मानकोलीकडे एका गोदामात कामाला लागला आहे. लोक मोबाइलवर वस्तू मागवितात त्यांची खोकी रात्रभर लावण्याचे काम. जागे राहण्यासाठी ती मुले वीस रुपयांची रंगीत पेयाची बाटली पितात. मी ती बाटली हातात घेऊन चष्मा लावून वाचली. मुलांनी आणि गरोदर बायांनी हे पिऊ नये, असे तिच्यावरच छापलेले आहे, पण अक्षर इतके बारीक की मुंगीलाही चष्मा लागावा. रात्रपाळी संपवून पोरगे सकाळी घरी येई ते गाडीवरचे लाल रंगाचे नूडल्स खाऊन, आणि दुपारी दोनपर्यंत झोपे. माझा स्वयंपाक झाकून झाकून आंबे.

प्रथम मी काय केले? जे आपण सर्वजणी करतो तेच. भाषण केले! "आम्ही तुमच्या वयाचे असताना" येथून सुरुवात. दहाची नोट बंद केली. दुधी, पालक, बीट, असे आठवडाभर ताटात वाढले. सासूबाई समोर बसून पाहत, उठू देत नसत. परिणाम असा झाला की मुलगी मैत्रिणीच्या पैशाने खाऊ लागली, आणि थोरला घरी जेवायचाच थांबला. सरकारनेही आपल्यासारखेच करून पाहिले आहे. २०१७ साली महाराष्ट्रात शाळांच्या उपाहारगृहांत असले तेलकट, खारट, गोड जिन्नस विकायला बंदी झाली. २०२० साली देशभरासाठी नियम झाला की शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत ते विकू नयेत. नियम चांगलाच आहे. पण गाडीवाल्यासमोर टेप धरून कोण उभे राहणार? आणि एक्कावन्नाव्या मीटरला पोचायला आपल्या पोरांना कितीसा वेळ लागतो?

माझे डोळे उघडले ते एका योगायोगाने. माझे माहेर वाडा तालुक्यात आहे. त्या दिवाळीनंतर आई पडली म्हणून मला चार दिवस तिकडे जावे लागले. सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या, आमचे हे दिवसभर कारखान्यात. जाताना मी काळजीने मुलांच्या हातावर शंभराच्या दोन नोटा ठेवल्या. परत आले तर एक नोट तशीच डब्याखाली होती, आणि कुकर तळाशी काळाठिक्कर. थोरल्याने मुगाच्या डाळीची खिचडी केली होती! पाणी कमी पडले, खिचडी खाली लागली, मीठ दोनदा पडले. आणि तीच मुलगी, जिला माझी मऊसूत खिचडी पाहून उलटी येत होती, ती मला सांगत होती, "आई, आम्ही सगळी संपवली. खालचा कुरकुरीत भाग तर भांडून खाल्ला."

मी तो कुकर घासत बसले होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. माझ्या हातचे चांगले त्यांना नको, आणि त्यांच्या हातचे करपलेले त्यांना गोड लागले. मी इतकी वर्षे त्यांना खायला शिकवीत होते. रांधायला मात्र कधी दिले नाही. मुलीला म्हणायची, "तू अभ्यास कर, सासरी गेल्यावर हे आहेच." मुलाला तर काही म्हणायचीच नाही, कारण त्याचा आणि ओट्याचा संबंध असतो हेच माझ्या डोक्यात नव्हते. मी स्वतः नऊ वर्षांची असताना चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. मला ती सक्ती होती. आपल्या मुलांना ते कष्ट पडू नयेत म्हणून मी त्यांना स्वयंपाकघराबाहेर ठेवले. त्याबरोबर अन्नाची ओळखही बाहेर राहिली. ज्याला डाळ निवडलेली ठाऊक नाही, त्याला ती पानात पडली काय नि गाईला घातली काय, सारखेच!

मग मी ठरविले की आठवड्याचे दोन दिवस रात्रीचा स्वयंपाक मुलांचा. यावर घरात जे रामायण झाले ते सांगत नाही. फक्त सासूबाईंचे एक वाक्य सांगते. त्या म्हणाल्या, "पोराला चुलीपुढं बसवतेस? लोक काय म्हणतील?" सासूबाईंचा मी मान राखते. त्या वेळी मी उलट बोलले नाही. परंतु मला जे आठवले ते आज येथे सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते पाहिलेले आहे.

आपल्या भिवंडीत भिशी या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक आपण बाया दर महिन्याला पैसे टाकून लावतो ती. आणि दुसरी लूमवरचे कामगार जेवतात ती. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण, ओरिसा, कुठून कुठून आलेले हे पुरुष. एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा होतो. खोलीत चूल मांडायला जागा नाही, म्हणून दोन वेळा भिशीत जेवायचे आणि पगार झाला की पैसे चुकते करायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. लूमची खटखट बंद झाली. जन्मात पहिल्यांदा आमच्या गल्लीत रात्री कुत्र्याचे भुंकणे स्पष्ट ऐकू आले. पगार थांबले तशी आमच्या गल्लीतली भिशीही थांबली.

आमच्या समोरच्या माडीवर अशी नऊ जणांची खोली होती. लोक चांगले, कोणी तांदूळ आणून दिला, कोणी तुरीची डाळ, कोणी बटाटे. एक शेगडीही मिळाली. पण शिधा होता आणि शिजवणारा हात नव्हता. नऊ धडधाकट पुरुष. लूम सुरू असता चार-चार लूमवर एकटा नजर ठेवणारे. पण एकालाही भात येत नव्हता. एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा डाळ झाकण न ठेवता तास तास उकळीत बसे आणि गॅस संपत चालला म्हणून रडकुंडीला येई. शेवटी मी माझ्या गॅलरीत तोंडाला पदर बांधून उभी राहिले आणि तो त्याच्या खिडकीत. मध्ये बारा-पंधरा फुटांची गल्ली. डाळ आधी भिजव, तांदळावर बोटाच्या एका पेराएवढे पाणी ठेव, वाफ आली की आच कमी कर, असे ओरडून ओरडून मी त्याला शिकविले. पाच-सहा दिवसांत त्याचा भात मोकळा होऊ लागला. मे महिन्याच्या सुरुवातीला आपल्या भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरची गाडी सुटली, त्या दिवसांत तीही खोली रिकामी झाली. जाताना त्या मुलाने खालून हात जोडले आणि म्हणाला, "काकी, अब दाल बना लेता हूँ."

एवढे माझ्या डोळ्यांदेखत झाले. आणि त्याच दिवसांत माझा स्वतःचा पंधरा वर्षांचा मुलगा घरात रिकामा बसला होता, त्याला मी एक कांदा चिरू दिला नाही. ताट त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवीत होते. परक्याच्या पोराला शिकविले आणि घरच्याला पांगळे ठेवले. म्हणून सासूबाईंना मी दुसऱ्या दिवशी एवढेच म्हटले, "आत्या, उद्या ह्याला कामासाठी परमुलखात राहावे लागले तर समोरच्या खिडकीत कोण उभे राहील?" त्या गप्प राहिल्या. पण त्या आठवड्यात त्यांनीच त्याला लसूण सोलायची युक्ती दाखविली, हे मी पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष कसे झाले ते ऐका. फार सुरळीत झाले असे समजू नका. हिंग एवढा पडला की दोन दिवस घर दवाखान्यासारखे वासत होते. भाकरीचे आफ्रिका खंड झाले. सर्वांत मोठा घोळ २०२४ च्या जूनमध्ये झाला. पहिला पाऊस झाला की गावांतल्या आदिवासी बाया बाजारात शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात, ते आपण जाणतो. मुलीने मोठ्या हौसेने दोन जुड्या आणल्या. बाई बरोबर काकडांचा वाटा देत होती, तो हिने "ही आंबट फळं कशाला?" म्हणून परत केला! मी घरी नव्हते. रात्री सगळे जेवायला बसले आणि पहिल्या घासाला आमच्या ह्यांनी घसा धरला, दुसऱ्या घासाला सासूबाईंनी. सगळे घर खाकरत, चिंच चोखत बसले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते की, शेवळाला खाज असते आणि काकडाच्या आंबट रसाने ती मरते. ती दोन झाडे पावसाच्या तोंडाशी एकदमच येतात. पण पाहा, मी दहा वेळा सांगून जे तिच्या डोक्यात गेले नसते ते एका घासात गेले. त्यानंतर ती त्या बायांपाशी बसून विचारते, हे कशात घालतात, याचे देठ काढायचे का. टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी ती आता पानावरून ओळखते. ही विद्या माझ्या आईपाशी होती; माझ्यापाशी निम्मी उरली; मुलीपाशी ती संपणारच होती.

आणखी एक प्रयोग थोरल्याने केला, तो मला फार आवडला. त्याने थंड पेयाच्या बाटलीवरचे आकडे वाचले. शंभर मिलिलिटरमध्ये साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते. मग त्याने एक वाटी घेतली आणि तीनशे मिलिलिटरची साखर चहाच्या चमच्याने मोजून तीत घातली. सपाट सहा-सात चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की, दिवसभरात वरून घेतलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे सहा चमचे, चहा-सरबत सगळे धरून. ती वाटी त्याने चार दिवस टेबलावर तशीच ठेवली होती. मी काही बोलले नाही. बोलण्यापेक्षा ती वाटीच चांगली बोलत होती. बाटली अगदी सुटली असे नाही. आता तो रात्री थर्मासमधून लिंबाचे सरबत नेतो, मीठ-साखर आपल्या हाताने घालून. पण महिन्यातून दोन-चार वेळा ती रंगीत बाटलीही पितो, मला ठाऊक आहे.

डॉक्टरीणबाईंनी आणि आमच्या पलीकडच्या खालांनी मिळून जे सांगितले ते दोन शब्दांत सांगते, कारण ते फुकटचे आहे आणि कोणालाही करता येते. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याबरोबर चहा पिऊ नये. भाजीतले लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी भाजीवर, उसळीवर लिंबू पिळावे. लोह अंगी लागते. पोहे परतायला लोखंडी कढई वापरावी, माळ्यावर टाकू नये. अळिवाचे लाडू बाळंतिणीलाच करतात हा आपला समज; खाला हसून म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं रक्त बाळंतिणीपेक्षा कमी आहे, तिला द्या ना!" आणि नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. तांदळात जेमतेम दहा-बारा. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातल्या मोठ्या दुकानांतून नाचणी सुंदर पाकिटांत दुप्पट भावाने दिसू लागली. आपल्या आया तिला गरिबाचे धान्य म्हणून लाजत असत.

माझ्या वाड्याच्या कोलम तांदळाला २०२१ मध्ये सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मला अभिमान आहे आणि सणाला तोच भात मी करते. पण नुसता पांढरा भात आणि बटाट्याचा रस्सा यावर पोर वाढत नाही. बरोबर डाळ हवी, मोडाची उसळ हवी. खाणाऱ्यांनी अंडे, सुकट, जवळा खावा. आगरी मंडळींकडची जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी यांपुढे कोणते पाकीट टिकेल? फक्त ती पोरांना करू द्या.

मुलांनी रांधावे ही काही मी आज शोधून काढलेली गोष्ट नाही. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याला परिषद घेऊन नयी तालीम मांडली. सेवाग्रामच्या त्या शाळेत मुले सूत कातीत, भाजी पिकवीत आणि स्वयंपाकही करीत. मुलगा-मुलगी हा भेद नव्हता. मध्यंतरी ती शाळा बंद पडली होती. २००५ साली ती आनंद निकेतन या नावाने पुन्हा सुरू झाली. गंमत म्हणजे त्याच २००५ साली तिकडे जपानात अन्नशिक्षणाचा कायदा झाला. तेथे शाळेत जेवणाच्या वेळी मुलेच डोक्याला टोपी आणि तोंडाला फडके बांधून एकमेकांना वाढतात, नंतर भांडी गोळा करतात. आपल्याकडे पंगतीत पोरे वाढतात तेव्हा किती जबाबदारीने वाढतात, आठवून पाहा. तीच मुले घरी पाण्याचा तांब्यासुद्धा हलवीत नाहीत. दोष पोरांचा की आपला?

येथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती मी आमच्या ह्यांनाही सांगितलेली नाही. आता ते मागे उभे आहेत, ऐकतील. एका रविवारी थोरल्याने आमटी केली आणि सासूबाई म्हणाल्या, "आज आमटीला चव आहे हो!" मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी पोटात काहीतरी टोचले. वीस वर्षे या घरात माझे जे काही राज्य होते ते त्या ओट्यापुरते होते. बाहेर माझे कोण ऐकते? पगार यांचा, निर्णय सासूबाईंचा, आणि मीठ माझे. त्या मिठाचा डबाही पोराच्या हाती गेला, असे मला क्षणभर वाटले. म्हणून मला वाटते की, आपण मुलांना स्वयंपाकघरातून "हो बाजूला, सांडशील" असे म्हणतो ते केवळ सांडण्याच्या भीतीने म्हणत नाही. दुसरेही काही असते. तुम्ही आपापल्या मनाशी विचार करून पाहा. मला सांगायला नको.

मुलीचे रक्त आता अकराच्या थोडे खाली आहे. हे सगळे घावनांनी झाले असे सांगून मी तुम्हाला फसविणार नाही. लोहाच्या गोळ्या तिने सहा महिने नेमाने घेतल्या, त्याचे मोठे काम आहे. ज्यांच्या मुलींना चक्कर येते, दम लागतो, त्यांनी आधी रक्त तपासून घ्यावे, घरच्या उपायांवर बसू नये. पण गोळ्या ती नेमाने का घेऊ लागली? कारण आठवड्यातून दोनदा तीच ताट वाढीत होती आणि कोणी पानात टाकले की तिला राग येत होता. अन्न टाकले की कोणाला तरी वाईट वाटते, हे तिला कळले. आता डबा ती आपला आपण भरते. त्यात काय असते ते मला पुष्कळदा ठाऊक नसते, परंतु आता डॉक्टरीणबाईंनी विचारले तर उत्तर तीच देईल. रविवारी पाकीट फोडते. वडापावही खाते. आणि मीही खाते, खोटे कशाला बोलू? नाक्यावरचा गरम वडापाव पावसात मलाही आवडतो.

काही भगिनी म्हणतील, तुम्हाला वेळ आहे, आम्ही बारा-बारा तास कामावर असतो. बाई, वेळ मलाही नाही. पहिले दोन महिने दुप्पट वेळ लागतो, हे खरेच आहे; सांडलेले पुसावे लागते, करपलेले घासावे लागते, आणि तोंड आवरावे लागते, ते सर्वांत कठीण. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी पाय पसरून बसते.

आता मी चिटणीसबाईंच्या घावनांकडे वळते. मी कार्यकारिणीकडे परवानगी मागितली होती आणि ती मिळाली आहे. पुढच्या शनिवारपासून दर शनिवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या या खोलीत मुलांचा स्वयंपाक होईल. बारा वर्षांपुढची मुले, मुली आणि मुलगे दोन्ही. मुलगे नाही आणले तर मी मुलींनाही घेणार नाही, हे आताच सांगते. शिकवायला आयांनी आत यायचे नाही. आया बाहेर ओसरीवर बसतील, गप्पा मारतील, आणि आतून जळल्याचा वास आला तरी उठणार नाहीत. आत मी आणि पलीकडच्या खाला असू. पहिल्या शनिवारी घावने आणि मोडाच्या मटकीची उसळ. दोन वाट्या नाचणीच्या पिठाला अर्धी वाटी तांदळाचे पीठ, मीठ, जिरे, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर. ताकात पातळ भिजवून वीस मिनिटे ठेवायचे आणि लोखंडी तव्यावर घालायचे. पहिले घावन सर्वांचेच चिकटते; ते करणाऱ्याने स्वतः खायचे.

मटकी शुक्रवारी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधावी लागेल, ते काम मागे बसलेल्या मुलींपैकी दोघी घेतील. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. शेगडी मंडळाची आहे. गॅसचे आणि पिठाचे मिळून प्रत्येकी दहा रुपये, तीच ती रोजची नोट. माझा थोरला येईल, पण रात्रपाळी असली तर उठायला उशीर होईल, त्याची वाट पाहू नये. तवे दोनच आहेत. ज्यांच्या माळ्यावर लोखंडी तवा पडून असेल त्यांनी तो घासून आणावा, आणि पळी आपापल्या घरून.